दुर्गादेवीचा दुष्काळ आणि स्थिर समस्थानिकांची साक्ष

दुर्गादेवीच्या दुष्काळाचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा इतिहासाचा वाचक महाराष्ट्रांत विरळा. इ. स. 1396 पासून बारा वर्षें पाऊस पडला नाहीं, मुलूख ओस पडला, गांवांच्या सीमा लोक विसरले, इतकें आपण लहानपणापासून वाचीत आलों. या दुष्काळास आतां एक नवा साक्षीदार मिळाला आहे. बस्तर प्रांतांतील दंडक गुहेंत ठिबकणाऱ्या पाण्यानें चुनखडीचे स्तंभ वाढलेले आहेत. त्यांपैकीं एकाच्या थरांतील प्राणवायूची परीक्षा करून इ. स. 600 ते 1500 पर्यंतच्या पर्जन्याचा आलेख आशिष सिन्हा व त्यांचे सहकारी यांनीं 2007 सालीं प्रसिद्ध केला. या मंडळींत अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे रंगस्वामी रमेश हेही होते. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढें सुमारें शंभर वर्षें मोसमी पाऊस पुनःपुन्हां दीर्घकाळ क्षीण झाला, आणि त्या काळचे मोठे दुष्काळ, दुर्गादेवीचा धरून, या क्षीणतेशीं जुळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष वाचून दुर्गादेवीचा दुष्काळ शास्त्रानें सिद्ध झाला असें म्हणण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकास होणें स्वाभाविक आहे. तो मोह कोठें आवरावा हें पाहणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु होय. आम्हीं या परीक्षणासाठीं फलटण प्रांताची जागा मुद्दाम निवडली आहे. एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि फलटणास पांचशेंच्या आसपास. डोंगरांनीं अडविलेल्या पावसाचें पाणी नीरा नदी फलटणच्या उत्तरेकडून वाहून नेते आणि गांवावर मात्र ढग कोरडे जातात. दुष्काळ येथें कथेंतून ऐकावा लागत नाहीं. एखादें साधन दुष्काळाविषयीं बोलूं लागलें, तर तें या मुलखास लागू पडतें कीं नाहीं, हीच त्याची खरी कसोटी.

प्रथम साधनाचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. एकाच मूलद्रव्याचे परमाणु रासायनिक गुणानें सारखे पण वजनानें निरनिराळे असूं शकतात. त्यांस समस्थानिक म्हणतात. त्यांपैकीं जे कालांतरानें आपोआप क्षय पावत नाहींत ते स्थिर. कर्बाचे 12 व 13 वजनाचे, नत्राचे 14 व 15 वजनाचे, आणि प्राणवायूच्या तिघांपैकीं 16 व 18 वजनाचे असे हे कामाचे समस्थानिक आहेत. कालमापनास उपयोगीं पडणारा 14 वजनाचा कर्ब हा अस्थिर. त्याचा येथें घोटाळा करूं नये. ढगांतून पाऊस पडूं लागला म्हणजे जड प्राणवायूचें पाणी अगोदर गळतें आणि उरलेल्या वाफेचें पाणी उत्तरोत्तर हलकें होत जातें. म्हणून उष्ण कटिबंधांत पुष्कळ पावसाचें पाणी हलकें व अल्प पावसाचें जड असें सामान्यतः आढळतें. तें पाणी झिरपून गुहेंत ठिबकलें कीं त्याची खूण चुनखडीच्या थरांत कायमची राहते, आणि थराचें वय युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून काढतां येतें. हें वय थोड्याच वर्षांच्या फरकानें बिनचूक असतें, व आलेख जवळजवळ वर्षावर्षाचा तपशील देतो. इतकें गुणवान् साधन आमच्या बखरींत एकही नाहीं, हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे.

परंतु साधन अस्सल आहे एवढ्यानें त्याचा अर्थ निश्चित होत नाहीं. अस्सल कागदाचीही आपण विचारपूस करतोंच: तो कोठें लिहिला गेला, लिहिणारास काय दिसत होतें, आणि आपण त्यास विचारीत आहों तो प्रश्न त्याच्या समोर होता काय? दंडक गुहा फलटणापासून सरळ रेषेनें सुमारें आठशें किलोमीटर पूर्वेस आहे. तिकडील पावसाची बरीच वाफ बंगालच्या उपसागराकडून येते. फलटणचा पाऊस पश्चिम समुद्राकडून सह्याद्रि ओलांडून येतो, आणि त्यांतही भरंवशाचा असतो तो भाद्रपद-आश्विनांतला. बस्तरांत आषाढ-श्रावण चांगले गेले असतां माणदेशांत परतीच्या पावसानें दगा द्यावा, हें अशक्य नाहीं. शिवाय वाफेचा उगम बदलला तर पावसाचें मान तेंच राहूनही पाण्याचें वजन बदलूं शकतें. म्हणून हा स्तंभ मध्य हिंदुस्थानच्या मोसमी पावसाविषयीं बोलतो असें म्हणणें योग्य. नीरेच्या खोऱ्याविषयीं तो बोलतो असें म्हणण्यास आणखी पुरावा पाहिजे.

आतां दुसऱ्या साक्षीदाराकडे, म्हणजे आपल्याच परंपरेकडे वळूं. 1396 हें वर्ष व बारा वर्षांची मुदत हे आंकडे ज्या ज्या यादींत आढळतात, तिची वंशावळ शोधीत गेल्यास बहुधा ग्रँट डफ याच्या 1826 च्या इतिहासापाशीं येऊन थांबावें लागतें. डफ हा साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधि होता व त्यानें पुष्कळ कागद पाहिले होते, हें खरें. परंतु बारा वर्षांविषयीं तो स्वतःच हिंदु लोकांच्या दंतकथेचा हवाला देतो. बारा वर्षें म्हणजे एक तप. वनवासास बारा, तपश्चर्येस बारा, आणि अवर्षणासही बारा, अशी आपल्या पुराणांची रीति आहे. हा आंकडा मोजलेला नसून सांगितलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

उलटपक्षीं डफच्याच कथनांत एक तपशील असा आहे कीं तो दंतकथेंतून येणें कठीण. 1429 च्या सुमारास बहामनी दरबारानें ओसाड मुलूख लावण्यासाठीं दादो नरसू व एक तुर्की खोजा यांस पाठविलें. जुन्या सीमा कोणास सांगतां येईनात म्हणून दोन-दोन तीन-तीन गांव एकत्र केले. जो करील त्यास जमीन दिली. पहिल्या वर्षीं सारा माफ आणि दुसऱ्या वर्षीं बिघ्यामागें तोबराभर धान्य एवढाच घेतला. तोबऱ्याचें माप दंतकथा सांगत नाहीं. तें दफ्तरांतून येतें. दुर्गादेवीची उजाडी खरी मानावयाची तर ती या तोबऱ्याच्या आधारावर मानावी, बारा वर्षांच्या आधारावर नव्हे. गुहेंतील स्तंभाचाही खरा मेळ या गोष्टीशीं बसतो. कारण तो बारा वर्षांची एक सलग कोरड दाखवीत नसून तीन-चार पिढ्यांच्या काळांत फिरफिरून आलेलें अवर्षण दाखवितो. एका तपाच्या दुष्काळानें मनुष्यें मरतील व पळतील, पण वांचलेले परत येऊन आपापलें शेत ओळखतील. सीमा विसरल्या जाण्यास पिढ्या जाव्या लागतात.

येथें एक धोका सांगून ठेवणें अवश्य आहे. हवामानाचा अभ्यासक आपला आलेख पडताळण्यासाठीं दुष्काळांची यादी घेतो. यादीचा कर्ता डफवरून लिहितो. डफ दंतकथेवरून लिहितो. आणि उद्यां आमच्यांतला एखादा लेखक दंतकथेस आधार म्हणून तोच आलेख दाखवितो. साक्षीदार चार दिसतात, परंतु त्यांतील तिघे एकाच घरचे. दोन साधनांचें ऐकमत्य तेव्हांच मोलाचें, जेव्हां एकानें दुसऱ्याचें ऐकून जबानी दिलेली नसते.

यापेक्षां अवघड प्रकरण लोणारचें आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील या सरोवराच्या तळांतून सुमारें दहा मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढून सुषमा प्रसाद व त्यांचे सहकारी यांनीं 2014 सालीं त्याचें परीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांत समस्थानिकांबरोबर गाळांतील क्षारस्फटिकांचाही विचार आहे. त्यांच्या मतें दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड स्पष्ट दिसतात: एक आजपूर्वीं 4600 ते 3900 वर्षें, आणि दुसरा आजपूर्वीं 2000 ते 600 वर्षें. या 'आजपूर्वीं'चा अर्थ वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावा. या शास्त्राचा 'आज' 1950 सालीं थांबलेला आहे. तो चालू वर्षापासून मोजल्यास पाऊणशें वर्षांची चूक पडते, म्हणजे शके व सन यांच्या घोटाळ्याइतकीच! तेव्हां दुसरा कालखंड इसवी सनाच्या आरंभापूर्वीं थोड्या वर्षांपासून सुमारें 1350 पर्यंत येतो.

याचा परिणाम काय होतो पाहा. दंडक गुहेचा स्तंभ ज्या सुमारास अवर्षण सुरू झालें म्हणतो, त्याच सुमारास लोणारचा गाळ अवर्षण संपलें म्हणतो. दुर्गादेवीचा दुष्काळ एकाच्या मतें अवर्षणाच्या ऐन भरांत पडतो, तर दुसऱ्याच्या मतें तें सरल्यावर. दोहोंतील एक खोटा असेंच म्हटलें पाहिजे असें नाहीं. गाळाचें कालमापन स्तंभाच्या मानानें पुष्कळ ढोबळ असतें. त्यांत शंभर वर्षांची इकडेतिकडे होणें आश्चर्याचें नव्हे. सरोवर पाऊस व बाष्पीभवन यांची बेरीज-वजाबाकी नोंदवितें, स्तंभ ठिबकणारें पाणी नोंदवितो. परंतु ज्या लेखकास दोहोंपैकीं सोयीचा तेवढा उचलावयाचा असेल, त्यास ही गोष्ट दडवितां येणार नाहीं.

आणि लोणारचें म्हणणें पूर्णपणें मान्य केलें तरी त्यापासून काय निष्पन्न होतें? सातवाहनांचा उत्तरकाळ, वाकाटकांचें अजिंठा, आठव्या शतकांत कृष्णराज राष्ट्रकूटानें कोरविलेलें वेरूळचें कैलास, आणि देवगिरीचे यादव, हे सर्व त्या 'अवर्षणांत' येतात. फलटणांतील हेमाडपंती घडणीचें जबरेश्वराचें देऊळही ज्या शैलीचें आहे, ती शैली त्याच कालखंडाच्या अखेरच्या भागांत बहरली. ज्या देशांत चौदा शतकें कोरडीं गेलीं त्या देशांत इतका पैसा व इतके कारागीर कोठून आले? उत्तर साधें आहे. पाऊस कमी होणें निराळें व दुष्काळ निराळा. कमी पावसाचा देश त्या पावसाजोगें पीक घेतो, विहिरी-तळीं बांधतो, गुरें-मेंढरें घेऊन फिरतो. दुष्काळ पडतो तो अपेक्षित पाऊस चुकल्यानें, आणि पुष्कळदां त्याबरोबर लष्करें फिरल्यानें व धान्याच्या वाटा बंद झाल्यानें. 1630 ते 1632 चा दुष्काळ शहाजहानाच्या दक्षिणेंतील स्वारीपासून वेगळा करून सांगणारा लेखक आम्हांस पाहावयाचा आहे.

गोदावरीच्या मुखाबाहेर समुद्रतळांतून काढलेल्या गाळाची साक्षही याच जातीची आहे. पाँटन, जिओसन व त्यांचे सहकारी यांनीं 2012 सालीं त्या गाळांत सांपडणाऱ्या झाडपाल्याच्या मेणांतील कर्ब तपासला. वनस्पतींचे कर्बाच्या दृष्टीनें दोन मोठे वर्ग आहेत. गहूं, तांदूळ, सातू, हरभरा, तूर व बहुतेक झाडें एका वर्गांत. त्यांचा आंकडा हजारीं उणे 26 च्या आसपास. ज्वारी, बाजरी, नाचणी, ऊंस व माळरानावरचें बहुतेक गवत दुसऱ्या वर्गांत. त्यांचा आंकडा उणे 12 च्या आसपास. दुसरा वर्ग उष्ण व कोरड्या हवेंत अधिक टिकतो. गोदावरीच्या गाळांत हा वर्ग सुमारें 4000 वर्षांपूर्वीं व पुन्हां सुमारें 1700 वर्षांपूर्वीं वाढलेला दिसतो, म्हणून देश कोरडा होत गेला असा निष्कर्ष. निष्कर्ष बरोबर असूं शकेल. परंतु ज्या देशाचा शेतकरी झाडी तोडून ज्वारी पेरतो, त्या देशांत पावसाचा एक थेंब कमी न होतां हा आंकडा बदलेल. कुऱ्हाड व पांभर यांचें काम ढगांच्या नांवावर लिहिलें जाऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

या दोन गाळांवरून एक उपयुक्त गोष्ट मात्र हातीं लागते, आणि ती जोर्वे संस्कृतीविषयीं आहे. भीमेच्या खोऱ्यांत घोड नदीवर इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केलें. नीरा व कऱ्हा यांच्या संगमावरील सोनगांवचें उत्खनन त्याहूनही आधींचें. हें ठिकाण फलटणच्या अगदीं शेजारचें. इनामगांवीं इ. स. पू. 1000 च्या सुमारास चौकोनी घरें जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकार वाढली, आणि 700 च्या सुमारास वस्ती उठली. याचें कारण हवा कोरडी झाली हें, असें धवळीकरांनीं मांडलें व तें आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य झालें. धवळीकरांच्या कामाविषयीं आमच्या मनांत फार आदर आहे. त्यांनीं पांढरीच्या टेकाडांतून माणसांचा संसार उभा केला. तथापि लोणारचीं अवर्षणें पाहा कीं गोदावरीच्या पायऱ्या पाहा, इ. स. पू. 1000 हें वर्ष कोठेंच बसत नाहीं. कोरडेपणा आला तो त्यापूर्वीं हजार वर्षें, आणि जोर्वेकरांची शेती वाढली ती त्या कोरड्या देशांतच. ग्वेन रॉबिन्स शुग यांनीं 2011 च्या आपल्या ग्रंथांत इनामगांवच्या बालकांच्या सांगाड्यांवरून व हवामानाच्या नव्या साधनांवरून याच मताविरुद्ध आक्षेप घेतला आहे. तो आमच्या मतें अद्याप निरुत्तर आहे.

मग इनामगांवच्या किंवा सोनगांवच्या लोकांच्या हाडांसच कां विचारूं नये? अस्थींतील कर्बावरून अन्न कोणत्या वर्गाचें होतें हें कळतें, आणि नत्रावरून मांस-दूध किती होतें हें; कारण खाणाराच्या शरीरांत नत्राचा आंकडा खाद्यापेक्षां हजारीं तीन ते पांचांनीं वाढतो. युरोपांत या रीतीनें पुष्कळ काम झालें आहे. आमच्याकडे पहिली अडचण अशी कीं, उष्ण व आळीपाळीनें ओल्या-कोरड्या होणाऱ्या जमिनींत हाडांतील सेंद्रिय भाग फार लवकर नष्ट होतो. दातांवरचें कठीण कवच टिकतें, त्यावर भिस्त ठेवावी लागते. पण समजा, हाड चांगलें मिळालें. तरीही युरोपांतील ठोकळा येथें उचलून लावतां येणार नाहीं, आणि कां तें फलटणच्या कोणत्याही शेतकऱ्यास कळेल.

समजा, एका अस्थींत ज्वारीच्या वर्गाचा कर्ब सांपडला. हा मनुष्य ज्वारी खात होता असें लिहून मोकळें व्हावें काय? त्याची म्हैस कडबा खात होती, त्याचे बैल माळावरचें गवत खात होते. तो स्वतः सातूची भाकर खाऊन वर दूध-ताक पीत असेल अथवा गुरांचें मांस खात असेल, तर कडब्याचा व गवताचा कर्ब दुधामांसांतून त्याच्या हाडांत उतरेल. जोर्वेकरांचें मुख्य धान्य सातू होतें आणि गुरें विपुल होतीं, हें उत्खननावरून ठरलेलेंच आहे. म्हणजे हा घोटाळा काल्पनिक नव्हे. नत्राचेंही तसेंच. धनगरांचीं मेंढरें शेतांत बसविण्याची चाल या भागांत जुनी आहे. लेंडीखत व शेणखत खाल्लेल्या जमिनीच्या धान्यांत जड नत्र वाढतें. कोरड्या हवेनेंही वाढतें. असें धान्य खाणारा माळकरी मनुष्य समस्थानिकांच्या तक्त्यांत मांसाहारी ठरेल!

माणसाचें जन्मस्थान शोधण्यासाठीं स्ट्राँशियमच्या दोन समस्थानिकांचें प्रमाण पाहतात; तें खालच्या खडकावर अवलंबून असतें व दांत तयार होतांना त्यांत मुरतें. येथें दख्खनचा काळा दगड आडवा येतो. सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर प्रदेश एकाच जातीच्या खडकाचा. कर्नाटकच्या जुन्या ग्रॅनाइटावरून आलेला शिपाई यांत ओळखूं येईल. परंतु आपल्या इतिहासांतील खरी ये-जा त्या काळ्या दगडाच्या आंतच झालेली आहे. निंबाळकरांची सईबाई फलटणहून भोसल्यांच्या घरीं आली, आणि शिवछत्रपतींची कन्या सखूबाई फलटणास निंबाळकरांच्या घरीं दिली गेली. अशा सोयरिकींचा माग कागदावरून लागतो. खडकावरून लागणें कठीण, कारण दोन्ही घरें एकाच दगडावर. पाण्यांतील प्राणवायूवरून तो लागेल असें कोणी म्हणेल. पण फलटणच्या उत्तरेकडील गांवें पितात तें नीरेचें, म्हणजे घाटावरच्या पावसाचें पाणी, आणि दक्षिणेकडील गांवें पितात तें स्थानिक विहिरीचें. तळ्याचें पाणी उन्हानें आटून जड होतें तें वेगळेंच. चार कोसांवरच्या दोन गांवांतील फरक शंभर कोसांवरच्या फरकासारखा दिसूं शकेल. (समाध्या व थडगीं उकरून असे प्रयोग करावे असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. फलटणास महानुभाव पंथाचीं पूज्य स्थानें आहेत; तेथें उत्खननाचें नांवही काढूं नये.)

इतके आक्षेप घेतल्यावर हें साधन टाकून द्यावें असें आमचें मत आहे काय? नाहीं. आमचा आक्षेप साधनावर नसून त्याच्या उतावळ्या वाचनावर आहे. आणि तो दूर करण्याचें पुष्कळसें काम आपल्याच हातचें आहे. दंडकचा आलेख 1500 पाशीं संपतो. मराठी कागद दाट होतात ते त्यानंतर शंभर-दीडशें वर्षांनीं. सुदैवानें त्याच प्रदेशांतील झुमर गुहेच्या स्तंभावरून ही मालिका पुढें आधुनिक काळापर्यंत आणली गेली असून तें काम 2011 सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां सुटीचे हुकूम, तगाईचे कागद, कौलनामे, ओस पडलेल्या पांढरीच्या लावणीचे करार यांतून वर्षवार व परगणेवार अवर्षणांची यादी करावी, आणि ती त्या आलेखाशेजारीं ठेवावी. 1630, 1791, 1803, 1876 या वर्षीं बस्तरचा स्तंभ काय बोलतो व भीमा-नीरेचे कागद काय बोलतात, हें समजल्याशिवाय 1396 सालीं त्याचें बोलणें येथें किती लागू धरावें हें ठरणार नाहीं. यादी करतांना डफ किंवा गॅझेटियर यांवरून एकही वर्ष घेऊं नये, नाहींतर पुन्हां तेंच वर्तुळ.

दुसरें काम खर्चाचें नाहीं. कोणतेंही जुनें हाड तपासण्यापूर्वीं आजचे आंकडे पाहिजेत, आणि ते नीरेच्या खोऱ्याचे कोणी पद्धतशीर जमविल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. नीरेचें, बाणगंगेचें, कालव्याचें व चार विहिरींचें पाणी दर महिन्यास बाटलींत भरून ठेवावें. पावसाचें पाणी ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत निराळें ठेवावें. शाळू, बाजरी, गहूं व हरभरा यांचे नमुने घ्यावे, मेंढरें बसविलेल्या शेतांतले वेगळे व न बसविलेल्या शेतांतले वेगळे. कडब्यावरच्या म्हशीचें दूध व हिरव्या वैरणीवरच्या म्हशीचें दूध घ्यावें. ऊंस व रासायनिक खतें यांनीं आजचें शिवार पुष्कळ बदललें आहे, म्हणून कालव्यापलीकडचीं जिराईत गांवें यांत अवश्य धरावीं. मुधोजी महाविद्यालयासारख्या संस्थेच्या विद्यार्थ्यांस हें दोन वर्षांत करतां येईल, आणि पृथक्करण पुण्यास किंवा अहमदाबादेस होईल. मग इनामगांवच्या गुरांचा एखादा दांत घ्यावा. त्याच्या कवचांत मुळापासून टोकापर्यंत ऋतूंमागून ऋतूंचें पाणी थरांनीं सांठविलेलें असतें. पूर्व-जोर्वे थरांतील दांत व उत्तर-जोर्वे थरांतील दांत शेजारीं ठेवून पावसाळा खरोखर बदलला होता कीं काय, हें त्या बैलासच विचारावें.